सातबाऱ्याचा ‘इतर अधिकार’ रकाना कसा वाचायचा

अमळनेर-पारोळ्याकडच्या एखाद्या वावराचा हाताने लिहिलेला जुना सातबारा समोर धरा. डावीकडे क्षेत्र आणि आकार (म्हणजे शेतसारा), मधे कब्जेदाराचं नाव. उजवीकडे, ‘कुळाचे नाव, खंड, इतर अधिकार’ या मथळ्याखाली, पुसट शाईत साधारण असं काहीतरी सापडतं:

कु.का.क. ४३ चे बंधनास पात्र (१०९२)
विहिरीत हिस्सा ५ आणे ४ पै
वि.का. सोसायटी बोजा रु. ४,००० (१३३०)

व्यवहाराच्या गडबडीत माणसं शेवटची ओळ तेवढी वाचतात, कारण ती पैशाची असते. पहिल्या ओळीकडे ‘सरकारी काहीतरी असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि वावर हातचं जातं ते त्याच ओळीपायी. या रकान्यातला जवळपास प्रत्येक शेरा कुठल्या ना कुठल्या कायद्याने कोणासाठी तरी घातलेलं कुंपण असतो. कुंपण कुळासाठी आहे, आदिवासी खातेदारासाठी आहे, बहिणीसाठी आहे की धरणग्रस्तासाठी, हे आधी ओळखायचं. शेरा काढायचा, पाळायचा की त्याच्या आधारे आपला हक्क मागायचा, हे मग ठरतं.

आधी कागद गोळा करा

आजचा संगणकीकृत सातबारा एकटा पुरत नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घ्या, सोबत ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) घ्या. नव्या नमुन्यात त्या गटाशी संबंधित जुन्या फेरफारांचे (हक्क बदलल्याच्या नोंदींचे) क्रमांक एकत्र दिलेले असतात. ते सगळे वहीत चढत्या क्रमाने उतरवून काढा. पुढचं सगळं काम या यादीवर चालतं.

त्यानंतर हस्तलिखित सातबारे मिळवा, शक्य तितके मागचे. हस्तलिखितावरून संगणकावर आणताना काही शेरे गळाले, काही भलत्याच गटावर चढले. नाव कंसात असेल तर ते कमी झालेलं आहे. नावाजवळ किंवा शेऱ्याजवळ वर्तुळात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक (वरच्या नमुन्यात तो कंसात दाखवलाय). संगणकावर आणताना यातला कंसच राहून गेला, की मेलेला खातेदार कागदावर पुन्हा जिवंत होतो.

जुने उतारे तलाठी आप्पांकडे (पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात आप्पाच) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. ज्या गावांचे कागद स्कॅन झालेत, त्यांचे ‘आपले अभिलेख’वरही सापडतात. अर्जात फक्त ‘जुना सातबारा द्या’ लिहू नका. गाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे चारही लिहा.

खानदेशात आणखी एक अडचण येते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० पासून त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे शहाद्याच्या वावराचा जुना कागद ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ या नावाने बांधलेला असतो आणि तो नंदुरबारऐवजी धुळ्यात निघू शकतो. धरणगावची जुनी नोंद एरंडोल तालुक्यात शोधावी लागते, मुक्ताईनगरची एदलाबादच्या नावाने. मोडीतला कागद निघाला तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. अंदाजाने वाचलेलं नाव पुढे कोर्टात उभं राहत नाही.

सर्व्हे नंबरचा गट कसा झाला, हे एकत्रीकरण योजनेच्या कागदात कळतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने ही योजना आली. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा जबाब आणि ९(३), ९(४) चा उतारा मागा. क्षेत्र जुळत नसेल तर आकारबंद (क्षेत्र आणि आकाराची नोंद), गुणाकार बुक (मोजणीचा हिशोब) आणि फाळणी नकाशाही (पोटहिश्श्यांचा) घ्या. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर मोजणीला पैसे भरण्याआधी हे कागद पाहा. कितीतरी भांडणांत बांध कोणी कोरलेलाच नसतो. एकत्रीकरणात झालेली आकड्याची चूक तेवढी असते.

फेरफार वाचायची रीत

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जुनी माणसं तिला ‘ड पत्रक’ म्हणतात. तिच्यात चार रकाने असतात: अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले गट, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. दुसरा रकाना सावकाश वाचा. नोंद खरेदीखताची आहे, वारसाची, आदेशाची की नुसत्या ‘वर्दी’ची (कोणीतरी येऊन कळवल्याची), हे तिथेच कळतं.

शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. म्हणून ‘वर्दीवरून अमुकचे नाव कमी’ असं दिसलं आणि दस्ताचा किंवा आदेशाचा क्रमांक नसेल, तर तिथे पेन्सिलने खूण करा. भावाने भावाचं, काकाने पुतण्याचं नाव उडवलं असेल तर बहुतेक वेळा ते अशाच फेरफाराने उडालेलं असतं. चौथ्या रकान्यात सर्कलची (मंडळ अधिकाऱ्याची) सही आणि ‘प्रमाणित’ किंवा ‘रद्द’ पाहा. संबंधितांना नोटीस बजावल्याची नोंद नसेल तर तीही टिपून ठेवा, अपिलात तिचा उपयोग होतो.

हे सगळं लिहून ठेवायची पद्धत तशी उशिरा आली. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर मोजणी केली ती सारा ठरवायला. त्या मोजणीवरून १८५२ मध्ये सावद्याकडे दंगेही झाले. सारा कोण भरतो याच्या पलीकडे, जमिनीत कोणाचा काय हक्क आहे हे गावपातळीवर लिहायला सुरुवात झाली ती १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यापासून. म्हणून त्याआधीची साखळी सातबाऱ्यातून जुळवायचा हट्ट धरू नका.

कुळकायद्याचा शेरा

वरच्या नमुन्यातली पहिली ओळ. ‘कु.का.क.’ म्हणजे कुळकायदा कलम, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. खानदेश जुन्या मुंबई इलाख्यात असल्यामुळे इथे १९४८ चा कुळकायदा लागतो. मराठवाडा आणि विदर्भाचे कुळकायदे वेगळे होते. त्यामुळे औरंगाबादकडच्या पाहुण्याने सांगितलेली कलमं इथे वापरू नका.

‘सं.कु.’ म्हणजे संरक्षित कूळ, ‘सा.कु.’ म्हणजे साधं कूळ. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कलम ३२ प्रमाणे मालक मानला गेला. पुढे शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२ ग खाली किंमत ठरवायची (आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान), कुळाने ती हप्त्यांनी भरायची, आणि पूर्ण भरल्यावर कलम ३२ म चं प्रमाणपत्र घ्यायचं. असा क्रम होता.

घोळ होतो तो शेवटच्या पायरीवर. आजोबांनी हप्ते भरले पण ३२ म घेतलं नाही. किंवा घेतलं, पण त्याचा फेरफार झाला नाही आणि मालकाच्या रकान्यात जुन्या जमीनदाराचे वारस चढत राहिले. अशा वेळी तहसीलदारांकडे (न्यायाधिकरणाचं काम तेच पाहतात) मूळ ३२ ग च्या प्रकरणाची नक्कल मागा. प्रकरणाचा क्रमांक जुन्या फेरफारात मिळतो. हप्त्यांची चलनं घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतात, ती कोर्टाच्या कागदाइतकीच जपा.

जमीनमालक विधवा, अज्ञान (वयाने लहान), अपंग किंवा सैन्यात असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला गेला होता. नंतर ठरलेल्या मुदतीत कुळाने कळवायचं होतं. ही मुदत चुकलेली प्रकरणं सर्वांत किचकट, ती वकिलाशिवाय हाताळू नका.

कलम ४३ चं बंधन म्हणजे कुळकायद्याने मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता, बक्षीस देता किंवा गहाण टाकता येत नाही. कूळ मालक झालं खरं, पण दोन वर्षांत कर्जापायी तीच जमीन सावकाराकडे गेली तर कायद्याचा उपयोग काय, म्हणून हे कुंपण. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झालं. ३२ म च्या तारखेपासून १० वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून विक्री करता येते. मात्र घेणारा शेतकरीच हवा, त्याचं क्षेत्र सीलिंगच्या (कमाल जमीनधारणेच्या मर्यादेच्या) वर जाता कामा नये आणि तुकडेबंदी मोडता कामा नये. आकार ५ रुपये असेल तर नजराणा २०० रुपये. एवढ्या रकमेसाठी एजंटाला हजारो रुपये देणारी माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतात. उलट, हा नजराणा न भरताच खरेदीखत केलं तर तो व्यवहार कलम ८४ क खाली अवैध ठरवता येतो.

आदिवासी जमीन: रकाना कोरा असला तरी थांबा

इतर सगळ्या शेऱ्यांमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. महसूल संहितेचं कलम ३६ अ शेरा नसला तरी लागू होतं. विकणारा अनुसूचित जमातीचा असेल आणि घेणारा नसेल, तर राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घेतल्याशिवाय विक्री, बक्षीस, अदलाबदल काहीच होत नाही. भाडेपट्टा किंवा गहाण ५ वर्षांपर्यंत, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. ‘रकान्यात काही नव्हतं’ हा बचाव चालत नाही.

म्हणून चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री आणि सगळ्या नंदुरबार जिल्ह्यात व्यवहार करताना विकणाऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र आधी पाहा. नावावरून ठरवू नका. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत, तरी अनुसूचित जमातीतच मोडतात. या एका गोष्टीपायी फसलेले व्यवहार थोडे नाहीत. पावरा, मावची, कोकणा, भिल्ल यांच्याबद्दल घेणारा सावध असतो. तडवींचं नाव वाचून तो गाफील राहतो.

हे कलम आभाळातून पडलं नाही. १९७२ च्या सुमारास शहादा-तळोद्यात गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आदिवासींची मोठी चळवळ उभी राहिली होती. ६ जुलै १९७४ पासून ३६ अ आलं. त्याआधीच्या काळासाठी, म्हणजे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ दरम्यान बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी, वेगळा प्रत्यार्पण कायदा झाला. फेरफार यादीत या दोन तारखांच्या मधली खरेदी दिसली आणि विकणारा आदिवासी होता, तर त्या जमिनीचं प्रत्यार्पणाचं प्रकरण चाललं होतं का, काय निकाल लागला, हे तहसीलमधून काढल्याशिवाय इसारही देऊ नका.

आदिवासी खातेदाराने आपली जमीन अशा रीतीने गेली असं दिसल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सोबत जातीचा दाखला, जमीन नावावर असतानाचा उतारा, ती गेली तो फेरफार आणि आजचा सातबारा जोडा. साध्या कागदावर ‘निमबटाईने (अर्ध्या वाट्याने) दिली’ असं लिहून वीस-वीस वर्षं दुसराच कसत असेल, तर पीकपाहणी (नमुना १२) आणि शेजाऱ्यांचे जबाब महत्त्वाचे ठरतात.

वनपट्टा ही आणखी वेगळी गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही, कोणालाच. क्षेत्र जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. धडगाव-अक्कलकुव्यात कोणी ‘पट्ट्याची जमीन स्वस्तात’ म्हणून दाखवत असेल तर तिथून परत फिरा.

‘ए.कु.मॅ.’ आणि बहिणीचा हिस्सा

ही अक्षरं उजव्या रकान्यात नसतात, कब्जेदाराच्या नावापुढे असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे ‘ए.कु.क.’ किंवा ‘ए.कु.पु.’ लिहितात. अर्थ एकच: नाव थोरल्या भावाचं असलं तरी जमीन सगळ्यांची. पुढे थोरला वारला की त्याच्याच मुलांची नावं वारस म्हणून लागतात आणि बाकीचे भाऊ कागदावरून गायब होतात. तुमच्या आजोबांचं नाव असं गळालं असेल तर ए.कु.मॅ. चा तो एक फेरफार सगळ्यात मोठा पुरावा. त्याची प्रमाणित नक्कल दोन प्रतींत घेऊन ठेवा.

मुलींचं म्हणाल तर हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद (वाटेकरी) झाली. महाराष्ट्राने त्याआधीच, २२ जून १९९४ पासून, तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क दिला होता. वडील २००५ ला हयात असायला हवे होते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: नकोत. मात्र २० डिसेंबर २००४ आधी झालेली नोंदणीकृत वाटणी उकरता येत नाही.

वारसनोंदीचा अर्ज देताना मुलींची नावं गाळलेली वंशावळ जोडायची नाही. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिणं महागात पडतं, आणि बहिणीने नंतर हरकत घेतली की झालेली खरेदीखतंही अडकतात. ताईला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लावा, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या स्टॅम्पवरचं ‘मला काही नको’ चालत नाही. भाऊबंदकीत वाटप एकमताने होत असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून करून घ्या.

आणे-पैचा हिशोब, बोजा, आणि उरलेलं

‘५ आणे ४ पै’ वाचून गोंधळू नका. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे पूर्ण हक्क १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, म्हणून एक तृतीयांश. २ आणे ८ पै म्हणजे एक षष्ठांश. सगळ्या हिस्सेदारांची बेरीज १६ आण्यांवर आली पाहिजे. येत नसेल तर कोणाचा तरी हिस्सा गळालेला आहे. क्षेत्राचंही तसंच: एक एकर ४० गुंठे, म्हणजे ४०.४७ आर. जुन्या कागदावरचे ‘४-२०’ हे चार एकर वीस गुंठे असतात. त्याचं हेक्टर-आर १.८२ होतं, ४.२० नाही. ही चूक अगदी नेहमीची.

विहिरीचा हिस्सा, पाळीचं पाणी, वहिवाटीचा रस्ता हे शेरे आपल्या बाजूने असतील तर ते कधीही गळू देऊ नका. पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाण्याची पाळी गावाने ठरवलेली आणि पाटकऱ्याने सांभाळलेली असे, तिला कागद लागत नसे. दोन भावांमधल्या विहिरीला मात्र लागतो. रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळ्यापासून ६ महिन्यांच्या आत. बैठकीत मिटेल म्हणून वाट पाहण्यात हे सहा महिने जातात.

वि.का. (विविध कार्यकारी) सोसायटीचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, फिटला असेल तर बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. आपोआप तो जात नाही. खाजगी सावकाराने ‘फक्त तारण म्हणून’ खरेदीखत करून घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याचं कलम १८ आहे. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला व्यवहार असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) अर्ज करा. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, आणि खरेदीनंतरही ताबा आपलाच होता हे दाखवणारी पीकपाहणी जोडा.

पुनर्वसन कायद्याचा शेरा (‘कलम १२ खाली हस्तांतरणास बंदी’) धरणाच्या लाभक्षेत्रात दिसतो. धरणात गेलेल्यांना देण्यासाठी जमीन शिल्लक राहावी म्हणून तो असतो. प्रकल्पासाठी आता जमिनीची गरज उरली नसेल तर जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो काढता येतो. सीलिंगमध्ये भूमिहीनाला वाटलेली जमीन आणि वतनाची जमीन ‘वर्ग २’ असते. तिच्या बाबतीत आधी परवानगी, मग सौदा, हाच क्रम पाळा. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र आपल्या तिन्ही जिल्ह्यांत जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे. या कायद्याचे नियम अलीकडे वरचेवर बदललेत, तेव्हा दुय्यम निबंधकांकडे जाऊन चालू परिपत्रक विचारूनच दस्त टाइप करा.

चूक सापडली तर

इथे बहुतेकांचा अर्ज चुकीच्या कलमाखाली जातो. महसूल संहितेचं कलम १५५ फक्त लेखनप्रमादासाठी आहे: आडनाव चुकलं, आकडा उलटा पडला, हस्तलिखितातला शेरा संगणकावर आला नाही. त्यासाठी हस्तलिखिताची प्रमाणित नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या. कोणाचा हक्क खरा यावरच वाद असेल तर १५५ चा आदेश मिळाला तरी वरच्या पायरीवर तो टिकत नाही, आणि दोन-तीन वर्षं फुकट जातात.

नवा फेरफार धरला गेला आणि नोटीस आली, तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या. अर्जाची पोच घ्या. तोंडी ‘आप्पांना सांगितलंय’ याला किंमत नाही. हरकत आली की नोंद विवादग्रस्त म्हणून ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. फेरफार प्रमाणित झाला असेल तर कलम २४७ खाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, मुदत ६० दिवस. मुदत संपली असेल तर विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. त्यात ‘माहीत नव्हते’ एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेला, कशावरून कळलं, हे लिहा, आणि त्या दिवशी काढलेला सातबारा जोडा. हे ६० दिवस आदेश तुमच्या हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट टपालाने आलं असेल तर त्यावरच्या शिक्क्यासकट ते फाइलला लावून ठेवा.